छायाचित्रांच्या कामासाठी संगणक घेताना

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. पाणी ओसरल्यावर आठवडाभराने आम्ही रत्नागिरीहून आमच्या मावसबहिणीच्या घरी गेलो. गाद्या, धान्य, टी.व्ही. सारे बाहेर चिखलात पडले होते. बहीण मात्र पडवीत दोरी बांधून, कपडे वाळत घालावेत तसे चिमट्यांनी फोटो अडकवीत होती. अल्बमची पाने एकमेकांस चिकटली होती. तिच्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाच्या फोटोत नवरी तेवढी शिल्लक राहिली होती, नवरदेवाच्या जागी तपकिरी डाग. "टी.व्ही. हप्त्यानं घेईन रे दादा, पण हे कुठल्या दुकानात मिळणार?" ती म्हणाली. यावर बँकेत काम करणाऱ्या माणसाकडेही उत्तर नव्हते.

घरी परतल्यावर आम्ही आमची ट्रंक उघडली. आपल्या लोकांच्या घरांत जुने फोटो मुळातच थोडे. स्टुडिओत जाऊन फोटो काढणे हा एके काळी पगारातून पैसे बाजूला टाकून करण्याचा खर्च होता. आमच्या आजोबांचा एकच फोटो आहे, तोही मुंबईस नोकरी लागल्यावर दुसऱ्याचा कोट अंगात घालून काढलेला. दमट हवा, बुरशी आणि कसर यांनी त्याचा एक कोपरा आधीच खाल्ला होता. हे सारे फोटो संगणकावर घ्यावेत, डाग काढावेत आणि सर्व भावंडांना एकेक प्रत द्यावी, असे ठरवून आम्ही संगणक घ्यावयास निघालो. त्या खरेदीत आम्ही जे चुकलो ते इतरांनी, विशेषतः फोटोग्राफीचा व्यवसाय करू पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी टाळावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच. आम्ही कला शाखेचे पदवीधर आहोत, संगणकतज्ज्ञ नव्हे, हे आधीच सांगून टाकतो.

चूक अशी झाली. एका दुकानात आम्हांला गेम खेळण्यासाठी बनविलेला लॅपटॉप दाखविण्यात आला. त्याच्या कळांखाली लाल-निळे दिवे लागत. "फोटोचं काम म्हणजे जड काम, याच्याखाली येऊच नका," असे सांगण्यात आले व आम्ही सत्तर हजारांवर रक्कम हप्त्यांनी मान्य करून तो घरी आणला. दोन रात्री जागून आजोबांचा फोटो दुरुस्त केला, पुण्यस्मरणासाठी मोठी प्रत काढावयास लॅबमध्ये पाठविला. प्रत आली ती पाहून आई काही बोललीच नाही. आजोबांचा चेहरा काळवंडला होता, डोळे दिसत नव्हते. आम्ही लॅबवाल्यावर चिडलो. त्याने शांतपणे आमचीच फाईल आपल्या स्क्रीनवर उघडून दाखविली. तिथेही ती काळीच होती. "साहेब, तुमची स्क्रीन खोटं बोलतेय," तो म्हणाला.

हे नीट समजून घेण्यासारखे आहे. स्क्रीन स्वतः प्रकाश देते, कागद देत नाही. आम्ही रात्री, स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवून काम करीत होतो. फोटो फार उजळ दिसतो म्हणून तो गडद करीत गेलो, आणि लॅबने आमचे ऐकले. शिवाय त्या महाग लॅपटॉपची स्क्रीनच हलकी होती. स्वस्त स्क्रीनच्या माहितीपत्रकात '४५ टक्के एन.टी.एस.सी.' असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. याचा अर्थ, फोटो लॅबमध्ये सर्वसाधारणपणे ज्या रंगमापाने काम चालते त्या 'एस-आर.जी.बी.' मापाच्या जेमतेम तीन-पंचमांश रंग ती दाखविते. तांबडा रंग तिच्यावर विटकरी दिसतो. माणूस तो वाढवीत जातो आणि छापील साडी भडक होऊन येते. 'शंभर टक्के एस-आर.जी.बी.' असे जेथे लिहिलेले असेल आणि 'आय.पी.एस.' प्रकारची स्क्रीन असेल, तीच घ्यावी. आय.पी.एस.ची ओळख सोपी आहे : बाजूने किंवा वरून पाहिले तरी चित्राचा रंग फारसा बदलत नाही. दुकानातच मान वाकडी करून पाहावे, लाजू नये.

स्क्रीन जुळविण्याची यंत्रे मिळतात, परंतु घरच्या कामास एक साधा उपाय पुरतो. आपल्या नेहमीच्या लॅबकडून एक चांगला छापलेला फोटो व त्याचीच फाईल घ्यावी. दिवसाच्या उजेडात, पण ऊन थेट पडणार नाही अशा जागी, कागद स्क्रीनशेजारी धरून दोन्ही सारखे दिसेपर्यंत स्क्रीनचा उजेड कमी करावा. आमचा उजेड निम्म्याहून खाली आला.

येथे थोडे विषयांतर. फोटो सुधारण्याच्या प्रोग्रॅममध्ये 'ऑटो' नावाचे बटण असते. मोबाईलमध्ये तर चेहरा आपोआप गोरा करण्याचीही सोय असते. फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी लॅबना रंग जुळविण्यासाठी गोऱ्या स्त्रीचा फोटो असलेले कार्ड पाठवीत असे, त्यास 'शर्ली कार्ड' म्हणत. त्या मापाने छापलेल्या फोटोंत सावळ्या माणसाच्या चेहऱ्यावरील बारकावे हरवत. आमचे आजोबा सावळे होते. त्यांना उजळ करावयाचे नव्हते, त्यांचे डोळे दिसावयास हवे होते. ही दोन कामे निरनिराळी आहेत आणि बटणाला त्यातला फरक कळतोच असे नाही.

आता यंत्राच्या ताकदीविषयी. विक्रेत्याने घाबरविले तर कागद-पेन्सिल काढावी. सहा बाय चार इंची जुना फोटो दर इंचास ६०० बिंदू या मापाने स्कॅन केला, तर ३६०० गुणिले २४००, म्हणजे ८६ लाख ४० हजार बिंदू होतात. प्रत्येक बिंदूस तीन रंगांचे तीन बाइट धरले तर सुमारे २६ एम.बी. झाले. असे हजार फोटो २६ जी.बी.त बसतात. एवढ्या कामास आठ जी.बी. रॅमचा साधा संगणकही चालतो. लग्नसमारंभाचे काम करणाऱ्यांचा हिशेब वेगळा. त्यांच्या २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या फोटोत २ कोटी ४० लाख बिंदू असतात, आणि बारकाईच्या कामात प्रत्येक बिंदूस सहा बाइट लागतात. म्हणजे एका थरास १४४ एम.बी. आणि पाच थर चढविले की ७२० एम.बी. असे दोन-तीन फोटो उघडले, की आठ जी.बी.चे यंत्र धापा टाकू लागते. त्यांनी सोळा जी.बी.खाली जाऊ नये. गेमसाठीच्या महागड्या ग्राफिक्स कार्डाचा उपयोग व्हिडिओच्या कामात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने फोटोतील दाणे काढण्यात होतो. डाग काढणे, रंग जुळविणे, पासपोर्ट फोटोंची पाने लावणे यांस ते लागत नाही. आम्ही त्याचे पैसे भरले ते भरलेच.

आमच्या भाच्याने गतवर्षी छोटा फोटो स्टुडिओ काढावयाचे ठरविले, तेव्हा आम्ही आधीच पुढे झालो. तो म्हणाला, "मामा, नवीनच घेऊ, लोकांना दाखवायला बरं." आम्ही म्हटले, लोक तुझे फोटो पाहतील, तुझा डबा नव्हे. शेवटी कार्यालयांतून बदलून निघालेला, तपासून दुरुस्त केलेला डेस्कटॉप घेतला, आणि वाचलेले पैसे चांगल्या नव्या स्क्रीनवर घातले. असा माल मुंबईस लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आताच्या भडकमकर मार्गावर मिळतो. मात्र कोकण रेल्वेने आणलेला डबा बिघडला तर परत घेऊन जाणार कोण, याचा विचार करून थोडे जास्त देऊन रत्नागिरीतच घेणे आम्हांस बरे वाटले.

जुन्या यंत्रात एक गोष्ट पाहावीच लागते. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. (ही तारीख आपल्या वाचकांना पाठ करावी लागणार नाही.) पुढच्या विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. 'आय-५' या अक्षरांवर जाऊ नये, पुढचा आकडा वाचावा : ८५०० असेल तर आठवी पिढी, ६५०० असेल तर सहावी. जुन्या हार्ड डिस्कऐवजी एस.एस.डी. असावी, कारण यंत्राच्या वेगात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. मेमरीची एक खाच रिकामी असेल तर उत्तम. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव जगभर चढले, तेव्हा आज आठ घेऊन उद्या आठ वाढविण्याची सोय हाताशी असावी. अनेक लॅपटॉपमध्ये ती नसते.

प्रोग्रॅमवर सुरुवातीस पैसा घालू नये. फोटोशॉप २०१३ पासून वर्गणीवर गेले. गिम्प हा १९९६ पासून चालत आलेला प्रोग्रॅम पूर्णपणे मोफत आहे आणि डाग काढण्यास पुरेसा आहे. पायरेटेड प्रतीच्या नादी लागून भाच्याच्या एका मित्राने एका लग्नाचे सर्व फोटो व्हायरसपायी गमावले.

आता आमच्या धंद्यातले दोन शब्द. 'शून्य व्याजाचे हप्ते' या पाटीवर भाळू नये. अशा योजनांत व्याज प्रक्रिया-शुल्काच्या रूपाने ग्राहकाकडूनच घेतले जाते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. रोखीचा भाव आणि सर्व हप्त्यांची बेरीज या दोन रकमा दुकानदाराकडून लिहून घ्याव्यात. व्यवसायासाठी घेत असाल तर २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयातही चौकशी करावी. अर्जासोबत स्क्रीनसह पूर्ण दरपत्रक जोडावे. स्क्रीन, यू.पी.एस. विसरून केलेले अर्ज आमच्या टेबलावर नेहमी येतात आणि मग त्या वस्तू उसनवारीने घ्याव्या लागतात. यू.पी.एस. ही रत्नागिरीत चैन नव्हे. जूनमध्ये वीज किती वेळा जाते ते आम्ही सांगावयास नको. ढग गडगडू लागले की विजेच्या पिनेबरोबर इंटरनेटची वायरही काढून ठेवावी.

स्कॅन करताना काचेला चिकटलेला फोटो सोलून काढण्याचा प्रयत्न मुळीच करू नये, वरचा चेहरा काचेवर राहतो. काचेसकटच स्कॅनरवर पालथा ठेवावा. मूळ स्कॅन जसाच्या तसा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून त्याच्या प्रतीवर हात चालवावा. दोन बाहेरच्या हार्ड डिस्कवर सर्व उतरवावे, आणि त्या दोन्ही एकाच घरात ठेवू नयेत. आमची एक रत्नागिरीत आहे, दुसरी भावाकडे कल्याणला.

आजोबांचा फोटो आम्ही भाच्याच्या स्क्रीनवर पुन्हा केला. बहिणीच्या दोरीवरचे एक्केचाळीस फोटो वाचले. लग्नाच्या त्या फोटोतला नवरदेव मात्र कोणत्याही प्रोग्रॅमने परत आला नसता. तो लांज्याच्या एका नातेवाइकाच्या अल्बमात सापडला, वऱ्हाडाच्या गर्दीत, मुंडावळ्या बाजूला सारून सरबत पिताना. तो तेवढा भाग दर इंचास १२०० बिंदूंनी स्कॅन करून आम्ही बहिणीला छापून दिला.