बॉनेट बंद, तरी सूचना चालूच

बॉनेट नीट लावलेलं असतं, तरी डॅशबोर्डवर ते उघडं असल्याची सूचना येत राहते. नाहीतर मध्यरात्री सायरन केकाटतो आणि शेजारी गॅलरीत येतात. अशा वेळी बॉनेटचा स्विच तपासायला हवा. पण नवा विकत घेण्याची घाई नको, कारण बऱ्याच गाड्यांत तो लॅचसकटच, म्हणजे बॉनेटच्या अख्ख्या कुलपासकट, घ्यावा लागतो.

हा स्विच लॅचच्या आत असतो किंवा शेजारी स्प्रिंगच्या खटक्यासारखा उभा असतो. त्याच्या साधारणपणे दोन वायरी असतात. एक अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जाते. दुसरी जाते बॉडी कंट्रोल मोड्यूलकडे. दिवे, दारं, सायरन सांभाळणारा हा छोटा संगणक.

काम सुरू करताना इंजिन थंड आणि बंद असावं. रेडिएटरच्या पंख्यापासून हात लांब ठेवावा; इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो.

पहिली पाहणी लॅचची. धूळ आणि जुनं ग्रीस मिळून तिथे काळा चिकटा साठतो आणि खटका पूर्ण दबत नाही. तो साफ करून ताजं ग्रीस लावावं. समोरून ठोकर बसून गाडी दुरुस्त झाली असेल, तर बॉनेट लॅचवर सरळ बसतंय का, हेही पाहावं.

आता बॉनेट उघडं ठेवूनच स्क्रूड्रायव्हरने लॅच खाली दाबून बंद करा; स्विच शेजारी वेगळा असेल, तर त्याचा खटका दाबून धरा. सूचना गेली, तर स्विच आणि वायरी ठीक आहेत. दोष बॉनेटच्या बसण्यात आहे. इथे हमखास एक चूक होते. आतला लिव्हर ओढून लॅच मोकळी न करताच बॉनेट आपटलं जातं आणि लॅच वाकते.

सूचना कायम राहिली, तर इग्निशन बंद करून स्विचचा कनेक्टर काढा. पिनांवर हिरवट थर दिसला, तर पाणी शिरलंय. मल्टिमीटर (व्होल्टेज आणि रोध मोजणारं यंत्र) ओहमवर ठेवून स्विचच्या दोन पिनांना लावा आणि खटका दाबा-सोडा. आकडा ठळक बदलायला हवा. काही स्विचांत रोधक बसवलेला असतो, त्यामुळे शून्यच दिसेल असं नाही. आकडा ढिम्म राहिला, तर स्विच गेला.

स्विच चांगला निघाला, तर वायरीकडे वळा. इग्निशन चालू करून, इंजिन न सुरू करता, गाडीकडच्या कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये व्होल्टेज मोजा. गाडीनुसार साधारण ५ किंवा १२ मिळतं. काहीच आलं नाही, तर मीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावून लाल तारेने दोन्ही पिना तपासा. आता एकीवर व्होल्टेज आलं, तर अर्थची वायर तुटली आहे. तरीही आलं नाही, तर फ्यूज पाहा आणि मोड्यूलकडची वायर हाताने चाचपत जा. उंदरांनी कुरतडलेली वायर बहुधा अशीच सापडते.

मोड्यूलचा नंबर सगळ्यात शेवटी. नवं मोड्यूल महाग पडतं आणि सहसा त्या गाडीसाठी संगणकावर जुळवूनही घ्यावं लागतं. गॅरेजवाला पहिल्याच फेरीत ते बदलायला सांगत असेल, तर आधी या वायरींचं व्होल्टेज आपल्यासमोर मोजून दाखवायला सांगा.