पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा

भारतात पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी थांबते. इस्ट्रोजेन घटलं की योनीचं अस्तर पातळ होतं, ओलावा कमी होतो. आम्लता उतरते, म्हणजे पीएच साडेचारच्या वर जातो आणि राखण करणारे लॅक्टोबॅसिलस जंतू ओसरतात. मग जळजळ, खाज, संबंधांच्या वेळी दुखणं, वरचेवर लघवीचा संसर्ग. अंगातून निघणाऱ्या वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत शमतात. हा त्रास मात्र उपचाराविना सहसा जात नाही. ‘वयच झालं आता’ म्हणून सोसण्यात काही अर्थ नाही.

साबण, सुगंधी वॉश, जंतुनाशक घातलेलं पाणी आधी बंद करा. बाहेरून साधं पाणी पुरतं, आतून धुवायचं नसतं. आठवड्यातून दोन-तीनदा योनीसाठीचं मॉइश्चरायझर आणि संबंधांच्या वेळी पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) ल्युब्रिकंट, ही दोन वेगळी कामं. खोबरेल वापरत असाल तर लक्षात ठेवा, तेलाने लॅटेक्सचा निरोध फाटू शकतो.

एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम देतात: साधारण दोन आठवडे रोज रात्री, पुढे आठवड्यातून दोनदा. ते रक्तात फारच थोडं उतरतं. पूर्ण गुण यायला दोन-तीन महिने लागू शकतात. पंधरवड्यात कंटाळून ट्यूब कपाटात टाकू नका. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच. खाज हटत नसेल तर साखरही तपासा. आणि पाळी थांबून वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी क्रीमच्या गुणाची वाट न बघता थेट तपासणी.