एकाची चूक, साऱ्या जमातीवर शिक्का

गावात चोरी झाली की पहिलं बोट कुठं जातं? बऱ्याचदा पारधी वस्तीकडं. पुरावा नसला तरी.

हे आलं कुठून? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढं पारध्यांसह कित्येक जमातींवर ‘जन्मानंच गुन्हेगार’ असा शिक्का बसला. ३१ ऑगस्ट १९५२ला या जमाती त्यातून मुक्त झाल्या. लोकांच्या मनातला शिक्का मात्र राहिला.

तो का पुसत नाही? आपल्यातल्या पोरानं चोरी केली तर आपण म्हणतो, “पोरगं वाया गेलं.” पारध्याच्या पोरानं केली तर म्हणतो, “ही जातच तशी.” रानात दिवसभर राबणारी पारधी बाई रोज दिसते, पण ती आपण ध्यानात धरत नाही. शिक्क्याला जुळेल तेवढंच मन साठवून ठेवतं. मग तिला कुणी काम देत नाही.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली मांडलं, की बरोबरीच्या नात्यानं एकत्र काम केलं तर पूर्वग्रह कमी होतो. नुसती तोंडओळख पुरत नाही. म्हणून वस्तीवरच्या ताईला बचत गटात घ्या, एकाच सतरंजीवर बसवा, हिशेबाची वही तिच्याही हाती द्या.

आणि कुणी “ही जातच तशी” म्हणालं, तर एवढंच विचारा, “तुम्ही पाहिलंत का?”