मिक्सरच्या कार्बनवर धावली आगगाडी

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात आमचं शिरढोण येतं. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं हे जन्मगाव. आमच्याकडे पाहुणे आले की आधी फडक्यांचा वाडा बघून येतात आणि मग चहा होतो. चहानंतर पूर्वी आणखी एक कार्यक्रम असायचा, अप्पांच्या आगगाडीचा!

अप्पा म्हणजे माझे सासरे. त्यांचे थोरले बंधू जहाजावर होते. 1979 साली त्यांनी इटलीहून 'लिमा' कंपनीची छोटी गाडी आणली होती. एक इंजिन, तीन डबे आणि गोल फिरणारे रूळ. माझ्या नवऱ्याचं आणि नणंदेचं बालपण तिच्यामागे धावण्यात गेलं, पुढे माझ्या मुलांचंही.

2022 च्या पावसाळ्यात अप्पांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजव्या हातातली ताकद गेली. पस्तीस वर्षं कारखान्यात टर्नर म्हणून काम केलेला तो हात! अप्पा गप्पच झाले. व्यायाम करा म्हटलं तर म्हणायचे, "काय करायचाय हात आता?"

गणपतीत धाकट्याने हट्ट करून गाडी मांडली. इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत राहिलं, मग थोडं घुरघुरलं आणि बंद पडलं. अप्पांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, हे काही खरं नाही. गाडी दुरुस्त करायचीच.

पण कुठे? दोन-तीन दुकानं फिरले. "ताई, याचे पार्ट मिळत नाहीत, नवीन घ्या," हेच उत्तर. नवीनही आणली, सेलवर चालणारी. अप्पांनी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मागाहून कळलं, मूळ लिमा कंपनी केव्हाच बुडाली होती. 2004 साली इंग्लंडच्या हॉर्नबी कंपनीने तिचं नाव आणि साचे विकत घेतले. म्हणजे गाडी होती, पण तिचं माहेरच उरलं नव्हतं.

शेवटी एका दुपारी मी इंजिन, बारका स्क्रू ड्रायव्हर आणि स्टीलचं ताट घेऊन अप्पांसमोर बसले. म्हटलं, "अप्पा, हात माझे, डोकं तुमचं. सांगा, कुठून उघडू?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "सूनबाई, आधी स्प्रिंग सांभाळ. उडाली तर आयुष्यात सापडायची नाही."

दोन दुखणी निघाली. मोटरीत वीज पोचवणारे कार्बनचे दोन चिमुकले तुकडे असतात, ते पार झिजले होते. आणि चाकावरचं रबरी कडं कडक होऊन तुटलं होतं. हे कडं रुळाला पकडून ठेवतं. ते नसलं की चाक नुसतं घसरतं.

कार्बन बघून मला हसूच आलं. आपल्या मिक्सरमध्येही तोच तर असतो! इलेक्ट्रिकच्या दुकानातून मिक्सरच्या कार्बनची जोडी आणली आणि पॉलिश पेपरवर घासत बसले. जुना तुकडा शेजारी ठेवून अप्पा बजावत होते, "आणखी थोडा. आता बास." मोटर फिरली तेव्हा घरभर आरोळी झाली.

कड्याने मात्र छळलं. सायकलच्या वॉलट्यूबची चकती कापून ताणून बसवली, ती आठ दिवसांत तुटली. तेवढ्यात पुण्याला लग्नाला जाणं झालं, म्हणून अप्पांना कोथरूडच्या जोशी रेल्वे म्युझियमला नेलं. भाऊ जोशी यांनी छंदातून उभं केलेलं हे संग्रहालय 1998 साली सुरू झालं. खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या गाड्या, सिग्नल, पूल, पोहण्याचा तलावसुद्धा! अप्पा काठीवर भार देऊन बघत राहिले. परतीच्या वाटेवर म्हणाले, "आपण दुकानात कंपनीचं नाव विचारत बसलो. माप विचारायला हवं होतं."

बरोबरच होतं. या प्रमाणातल्या गाड्यांचे रूळ 16.5 मिलिमीटरचे, पण कड्याचं माप चाकाप्रमाणे बदलतं. घरी आल्यावर अप्पांनी पेटीतून जुना व्हर्नियर काढायला लावला. मी मदतीला हात पुढे केला, तर म्हणाले, "थांब." डाव्या हाताने चाक धरलं आणि थरथरत्या उजव्या हाताने व्हर्नियर सरकवला. तीनदा चुकला, चौथ्यांदा जमला. खाचेचा व्यास आणि रुंदी मी कागदावर लिहून घेतली.

ते माप इंग्लंडला असलेल्या नणंदेला कळवलं. तिथे जुन्या गाड्यांचे हौशी लोक खूप, त्यामुळे सुटे भागही मिळतात. महिनाभराने पाकीट आलं. आत दहा कडी, चिमूटभर वजनाची!

मैत्रिणींनो, अशी जुनी वस्तू घरात असेल तर तुटलेला तुकडा कधी फेकू नका. नवा भाग त्याच्याच मापाने मिळतो. आणि उघडण्याआधी प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा, म्हणजे जोडताना कोडं पडत नाही.

आता रोज संध्याकाळी गाडी फिरते. अप्पांचा हात पूर्वीसारखा झाला नाही, होणारही नाही. पण डबे रुळावर ते स्वतःच चढवतात. एखादा पडला तर आम्ही कुणी उचलत नाही. उरलेली कडी मी मंगळसूत्राच्या डबीत जपून ठेवली आहेत.