गिटार आणि हट्टी अनामिका

तळहात टेबलावर पालथा ठेवा. मधले बोट आत दुमडून तळहाताखाली घ्या. आता बाकीची बोटे एकेक करून उचला. अंगठा, तर्जनी, करंगळी सहज वर येतात. अनामिका मात्र टेबलाला चिकटल्यासारखी बसून राहते. घाबरू नका, चांगल्या निरोगी हाताचेही असेच होते.

इलेक्ट्रिक गिटार घरच्या घरी शिकणाऱ्याची या बोटाशी कधी ना कधी गाठ पडतेच. मोबाइलवर व्हिडिओ लावून काही महिन्यांत साधे कॉर्ड जमतात. मग सोलो वाजवायची वेळ येते आणि गाडी अडते. ‘माझी बोटेच जाड आहेत’, ‘लहानपणी सुरुवात करायला हवी होती’, अशी समजूत करून घेत अनेक गिटारी कपाटावर जातात. काही जण उलट जिद्दीने रोज चार-चार तास घासतात आणि मनगट धरून दवाखान्यात येतात. दोघांचीही चूक एकाच ठिकाणी होते: बोटे कशी हलतात, हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते.

बोटे वाकवणारे आणि सरळ करणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात, आणि तिथून कंडरांच्या दोऱ्या कळसूत्री बाहुलीसारखी बोटे ओढतात. चारही बोटे उचलणारा मुख्य स्नायू एकच. तर्जनी आणि करंगळीला प्रत्येकी एक जादा स्नायू मिळालेला आहे. अनामिकेला तो नाही. शिवाय पंजाच्या मागच्या बाजूला या कंडरा आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. मधले बोट दुमडले की ते शेजारणीला धरून ठेवते. एकोणिसाव्या शतकात पियानोवादकांचे हे पट्टे शस्त्रक्रियेने कापण्याचे खूळही निघाले होते. सरावाने पट्टे सैल होतील, ही आशा सोडलेली बरी.

बदलतो तो मेंदू. १९९५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तंतुवाद्य वाजवणाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांच्या स्पर्शाला मेंदू देत असलेला प्रतिसाद इतरांपेक्षा मोठा होता, आणि ज्यांनी लहान वयात सुरुवात केली होती त्यांच्यात तो अधिक होता. म्हणजे लहानपणाचा फायदा खरा आहे. पण उशिरा आलेल्यांना दार बंद असते, असा त्याचा अर्थ नाही.

टोनी आयोमी यांचे उदाहरण पाहा. १९६५ मध्ये, १७ वर्षांचे असताना, बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात कामाच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे टोक यंत्राने तोडले. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्यांना जँगो राइनहार्ट यांची रेकॉर्ड ऐकवली. १९२८ च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटे जायबंदी झाल्यावर राइनहार्ट उरलेल्या दोन बोटांवर सोलो वाजवत. मग आयोमी यांनी प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, त्यांवर चामडे लावले, हलक्या तारा चढवल्या आणि पुढे ‘ब्लॅक सॅबथ’ उभा राहिला. बोटाला जे जमत नव्हते त्यासाठी त्यांनी वाद्य बदलले. जाड तारांशी झुंजणाऱ्या नवशिक्याने हे लक्षात ठेवावे. हलक्या तारा लावण्यात कमीपणा नाही.

आता सरावाकडे. मेंदू बरोबर आणि चूक असा भेद करत नाही. जे वारंवार होते ते तो पक्के करतो. वेगात वाजवलेली अडखळती ओळ वीस वेळा घोटली तर अडखळणेच पाठ होते. म्हणून मेट्रोनोम इतका मंद ठेवावा की बोट तारेपासून फार वर उडणार नाही आणि अंगठ्याची पकड घट्ट होणार नाही. एकच तुकडा अर्धा तास घासण्याऐवजी तीन तुकडे आलटून-पालटून घ्यावेत. १९७९ च्या एका गाजलेल्या प्रयोगात हाताच्या हालचाली अशा मिसळून शिकणाऱ्यांची त्या वेळची कामगिरी वाईट होती, पण नंतरच्या परीक्षेत तेच पुढे निघाले. सराव अवघड वाटला तर तो वाया जातो आहे, असे समजू नये. आणि रात्रीची झोप मोडून वाजवू नये. बोटांच्या हालचालींचा क्रम शिकल्यावर एका रात्रीच्या झोपेनंतर वेग सुमारे २० टक्के वाढलेला २००२ च्या एका अभ्यासात आढळला होता, मधल्या वेळात एकदाही सराव न करता.

सोलोचे थोडे वेगळे आहे. २००८ मध्ये सहा जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात झोपवून वाजवायला लावले. उत्स्फूर्त वाजवताना मेंदूच्या पुढच्या भागातली, स्वतःवर पहारा ठेवणारी केंद्रे शांत झाली होती. घरी शिकणारा नेमका उलट वागतो, दर स्वराला स्वतःला तपासतो. त्यावर सोपा मार्ग म्हणजे ओळ आधी गुणगुणायची, मग तीच तारेवर शोधायची. गुणगुणताना श्वास घ्यावाच लागतो, त्यामुळे सोलोत आपोआप विराम येतात.

दुखण्यातला फरक ओळखता आला पाहिजे. बोटांची टोके पहिले काही आठवडे दुखतात, मग त्वचा जाड होते, ते चालते. मुंग्या, बधिरपणा, रात्री हात झटकून जाग येणे, हे चालत नाही. गिटार फार खाली लटकवली की मनगट दुमडते आणि तिथल्या नसेवर दाब येतो. पट्टा आखूड केल्याने पुष्कळदा काम भागते. मधुमेह असलेल्यांना नस दाबली जाणे आणि बोट अडकणे या दोन्ही तक्रारी जास्त होतात, तेव्हा निवृत्तीनंतर गिटार हाती घेणाऱ्यांनी त्या अंगावर काढू नयेत. न दुखता एखादे बोट फक्त वाजवतानाच आपोआप वळत असेल, तर सराव थांबवून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. हा फोकल डिस्टोनिया असू शकतो, आणि जास्त सरावाने तो बरा होत नाही.

कानांचे गणितही साधे आहे: ८५ डेसिबल आठ तास, त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. हेडफोन लावून वाजवणाऱ्यांना हेच लागू पडते.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. तारा धातूच्या आणि त्या अँपमार्फत विजेच्या जोडणीला जोडलेल्या असतात. १९७२ मध्ये स्वानसी इथे लेस हार्वे हा गिटारवादक अर्थिंगच्या दोषामुळे कार्यक्रमातच विजेचा धक्का बसून गेला. अँपच्या प्लगची तिसरी पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घालू नये, आणि घर जुने असेल तर अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्यावे.