तयार उत्तर आणि स्वतःचा अभ्यास

फेब्रुवारी महिना लागला की आमच्या गल्लीतली मुले एकमेकांना एकच प्रश्न विचारू लागतात, ‘‘काय येणार आहे?’’ काय समजले, हे मात्र कोणी कोणाला विचारत नाही. मागच्या परीक्षेच्या आधी शेजारची दहावीतली मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, ‘‘काका, तुम्ही कविता लिहिता ना? मग या कवितेचे रसग्रहण लिहून द्या. मी पाठ करते.’’ मी म्हणालो, ‘‘बेटा, आधी कविता वाचून दाखव.’’ ती गप्प झाली. कविता तिने वाचलीच नव्हती. उत्तरे मात्र तीन ठिकाणांहून जमवली होती. एक गाईडमधले, एक क्लासच्या नोट्समधले आणि एक मोबाईलवरचे.

तिला हसण्याचा मला अधिकार नव्हता, कारण मी स्वतः त्याच वाटेने गेलो होतो. आमच्या घरी दखनी बोलत. मराठी मी शाळेत शिकलो आणि तिच्या प्रेमात पडलो. तरीही बी.ए.च्या पहिल्या वर्षी मी मराठीचे नेमलेले पुस्तक विकत न घेता स्वस्तातले गाईड घेतले. बारा उत्तरे घोकली. परीक्षेत प्रश्न फिरवून आला. नायकाचे स्वभावचित्र पाठ होते. विचारले होते ते नायकाच्या एका निर्णयाबद्दल, तो तुम्हाला पटतो का, असे. मी पाठ केलेले स्वभावचित्र तसेच उतरवून काढले आणि नापास झालो. ऑक्टोबरात पुन्हा बसावे लागले.

माझे अब्बा शिंपी होते. फीचे पैसे त्यांनी रात्री उशिरापर्यंत मशीन चालवून जमवले होते. त्यांना मराठी वाचता येत नसे. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘किताब पढी थी क्या?’’ मी मान खाली घातली. त्यांच्या हाताखाली काम शिकणारी पोरे कागदाचा खाका कापडावर ठेवून सदरा कापत. पण एका खांद्याने खाली असलेले गिऱ्हाईक आले की त्यांचे हात थांबत, कारण माप घ्यायला ती शिकलेलीच नसत. तयार उत्तराचेही तसेच आहे. परीक्षक जरा वेगळे माप घेऊन आला की ते उपयोगी पडत नाही.

असे का होते? तयार उत्तर वाचताना ते आपल्याला ओळखीचे वाटू लागते. ‘हे मला येते’ असा भास होतो. पण ओळखणे वेगळे आणि कोऱ्या कागदावर आठवून लिहिणे वेगळे. रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांना काही उतारे वाचायला दिले. मग काहींनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने तपासले तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिले होते. म्हणजे आठवताना डोक्याला जो ताण पडतो, तोच ज्ञान पक्के करतो. तयार उत्तर नेमका तो ताण वाचवते आणि आपला तोटा करते.

पाठांतर वाईट आहे, असे मी म्हणत नाही. आमच्या मोहल्ल्यात संपूर्ण कुराण मुखोद्गत असलेले हाफिज आहेत. शेजारच्या वारकरी घरात हरिपाठ तोंडपाठ आहे. पाढे, सूत्रे, कविता पाठ असायलाच हव्यात. पण या पाठांतराला रोजच्या उजळणीची आणि आयुष्यभराच्या मननाची जोड असते. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकायचे आणि दुसऱ्या दिवशी ओकायचे, याला पाठांतर म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान आहे.

आता परीक्षाही बदलली आहे. आपल्याकडे मार्च २०१९ पासून दहावीच्या मराठीला कृतिपत्रिका आली. तिच्यात विद्यार्थ्याने आधी न पाहिलेला उतारा असतो. ‘स्वमत’ नावाची कृती असते. पेपर तपासणारे माझे एक शिक्षकमित्र सांगतात, की कधी कधी ओळीने वीस-पंचवीस उत्तरपत्रिकांत स्वमत शब्दशः सारखेच असते. सगळ्यांचे मत एक असायला हरकत नाही, पण सगळ्यांची स्वल्पविरामाची चूकसुद्धा एकच कशी? स्वतःचे मतसुद्धा दुसऱ्याकडून आणावे लागावे, याचे मला फार वाईट वाटते. ज्या मुलाला आज आपले मत चार ओळींत मांडता येत नाही, तो उद्या आपल्या हक्काचा अर्ज कसा लिहील? नोकरीच्या मुलाखतीत काय बोलेल?

परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ पासून कायदा आहे. केंद्राच्या भरती आणि प्रवेश परीक्षांसाठी संसदेने २०२४ मध्ये वेगळा कायदा केला. कायदा पेपर फोडणाऱ्याला पकडेल, पण मुलाला पुस्तक उघडायला लावू शकणार नाही. ते काम घराचे आणि शाळेचे आहे.

मुलांचाच सगळा दोष नाही, हेही सांगितले पाहिजे. वर्गात साठ-सत्तर मुले, घरी शिकवणारे कोणी नाही, आई-वडील दिवसभर कामावर. अशा मुलाला गाईड हाच आधार वाटतो. गाईड जाळून टाका, असे मी सांगणार नाही. फक्त त्याची जागा बदला. आधी नव्हे, शेवटी उघडा.

रीत सोपी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. धडा एकदा सावकाश वाचा. पुस्तक मिटा. आठवेल ते आपल्या शब्दांत पाच ओळी लिहा. मग पुस्तक उघडून काय सुटले ते पाहा. दोन दिवसांनी तेच पुन्हा करा. जे समजले ते धाकट्या भावंडाला सांगा. सांगताना जिथे अडखळाल, तिथे तुमचा अभ्यास कच्चा आहे असे समजा. जुने पेपर घड्याळ लावून सोडवा. आपल्या चुकांची वेगळी वही ठेवा. एवढे झाल्यावर गाईड किंवा मोबाईलमधले उत्तर आपल्या उत्तराशेजारी ठेवा आणि ताडून पाहा.

पालकांनाही एक विनंती. ‘किती मार्क पडले?’ हे जरूर विचारा. पण त्याआधी ‘आज काय समजले?’ हे विचारा. तुम्हाला तो विषय येत नसला तरी चालेल. माझ्या अब्बांना तरी कुठे मराठी वाचता येत होते? पण त्यांच्या त्या एका प्रश्नानंतर मी नेमलेले पुस्तक वाचनालयातून आणून दोनदा वाचले. ऑक्टोबरात पास झालो. आणि पुढे जी चार अक्षरे लिहिली, त्यांची सुरुवात त्या वाचनात झाली.

शेजारच्या मुलीला मी रसग्रहण लिहून दिले नाही. त्याऐवजी तिच्याकडून कविता तीनदा मोठ्याने वाचून घेतली. दुसऱ्या दिवशी ती सहा ओळी लिहून घेऊन आली. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते. एक वाक्य असे होते, ‘ही कविता वाचताना मला गावी राहणाऱ्या आजीची आठवण झाली.’ मी चुका दुरुस्त केल्या. त्या वाक्याला मात्र हात लावला नाही. ते तिचे स्वतःचे होते.