बैठक मोडा, साखर आवरा

२०२० च्या मार्चमध्ये २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला आणि २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी लागली. देवगड तालुक्यातल्या मिठबावात तेव्हा आंब्याचे दिवस होते. एसटी बंद, आठवडी बाजार बंद, दशावताराचे प्रयोग बंद, गजबादेवीच्या देवळाजवळचा किनारा ओस. करमणूक उरली ती पत्ते, मोबाइल आणि टीव्हीची. २८ मार्चपासून दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा सुरू झालं, एक भाग सकाळी नऊला आणि एक रात्री नऊला. अनेक घरांचा दिवस या दोन वेळांभोवती फिरू लागला.

टाळेबंदी सैल झाल्यावर मधुमेहाचे जुने रुग्ण ओपीडीत येऊ लागले. पन्नाशीतले एक एसटी कंडक्टर रिपोर्ट पुढे ठेवून म्हणाले, “डॉक्टरानु, मी खातंय तेवढाच, मगे साखर कित्याक वाढली?” खाणं खरंच तेवढंच होतं, गोळ्याही चालू होत्या. थांबलं होतं ते दिवसभर गाडीत उभं राहणं, मागेपुढे फिरणं. आता न्याहारीनंतर टीव्ही, जेवणानंतर झोप आणि संध्याकाळी पडवीत पत्ते. सोबत आलेल्या त्यांच्या पत्नीची तक्रार वेगळी होती : कंबर आणि गुडघे. घरात माणसं वाढली होती, आणि शिवाय पावसाळ्याची बेगमी करायची होती. कोकमं फोडून सोलं सुकवणं, पापड, सुकी मासळी, लाकडं भरणं. एकाच घरात एक जण बसून आजारी, दुसरी राबून.

कंडक्टरांच्या उभं राहण्याला वैद्यकशास्त्रात मोठा मान आहे. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसमधल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं. हालचाल आणि हृदय यांचं नातं तिथून गंभीरपणे अभ्यासलं जाऊ लागलं.

साखरेचं गणितही सोपं आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर वापरणारं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा इन्शुलिनच्या मदतीशिवायही ते रक्तातली साखर आत ओढून घेतात. मधुमेहात इन्शुलिनचं काम नीट होत नसतं, म्हणून ही दुसरी वाट फार मोलाची. आपण तासन्‌तास बसून राहिलो की ती वाट जवळजवळ बंद होते.

मग व्यायामशाळा नसली तर काय करायचं? शांत बसलेल्या माणसाचा ऊर्जाखर्च एक धरला, तर झाडलोट करताना तो साधारण तिप्पट होतो आणि लाकडं फोडताना त्याहून बराच जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी. त्यात घरकामही धरलं जातं. श्रम मध्यम आहेत हे ओळखायची खूण : काम करताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही.

मात्र ‘घरकाम हाच व्यायाम’ हे वाक्य बायकांना ऐकवू नका. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. पाच तास वाकून, उकिडवं बसून, चुलीच्या धुरात केलेलं काम हे ओझं आहे. अशा बाईला हवी आहे ती विश्रांती. काम हवं आहे ते खुर्चीतल्या माणसाला.

त्या जोडप्याला मी एकच चिठ्ठी दिली. खळं झाडणं, विहिरीचं पाणी भरणं आणि जेवणानंतरची भांडी कंडक्टरांकडे. दुपारची झोप पत्नीला. गोळ्या होत्या तशाच. तीन महिन्यांनी त्यांची सरासरी साखर उतरली होती. पत्नीची कंबर पूर्ण थांबली नव्हती, पण दुखणं कमी होतं.

टाळेबंदी संपली, तरी बैठकीची सवय अनेक घरांत राहिली. मोबाइलने ती वाढवलीच. टीव्ही जरूर पाहा, पण प्रत्येक जाहिरातीला उठा. दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटं चाला. जेवल्यावर लगेच आडवं होण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या मारा. कळशी उचलताना कंबरेतून वाकू नका, गुडघ्यात वाका. हृदयविकार असेल, किंवा चालताना छातीत दुखत वा दम लागत असेल, तर लाकडं फोडण्यासारखी जड कामं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. इन्शुलिन घेणाऱ्यांनी नवीन श्रम सुरू करताना साखर तपासावी; घाम, थरथर, चक्कर आली तर लगेच साखर किंवा गूळ तोंडात टाकावा.

आणि आज रात्री जेवण झाल्यावर घरात सर्वांत जास्त वेळ कोण बसून होतं, ते पाहा. भांडी त्यानेच घासावीत.